‘खातोय ना, मग दात ठीकच!’

हे वाक्य ऐकून कान किटले. दात दुखत असला तरी कुत्री-मांजरं खातात. फार तर एका बाजूने चावतात, नाहीतर न चावताच गिळतात.

दोष फक्त पालकांचा नाही. लस टोचून मोकळे होणारे आम्ही डॉक्टरही तोंडात डोकावत नाही. ‘चावेल’ ही सबब असते. अहो, सुरुवातीला जबडा उघडायचाच नसतो! मिटलेल्या तोंडाचा ओठ वर उचला आणि गालाकडचे मागचे दात पाहा. कीटण तिथेच जास्त साचतं. हिरडीची लाल कड, तुटलेला दात, दुर्गंधी एवढं तरी जागेपणी कळतं. मांजराची मात्र मानगूट आवळू नका, पुढच्या वेळी ते हात लावू देणार नाही.

आणि भूल न देता दात ‘स्वच्छ’ करून देणाऱ्यांकडे तर जाऊच नका. कीटण खरवडलं की दात चकाकतो, पालक खूश. आजार हिरडीखाली तसाच. कुत्र्याचे ४२ किंवा मांजराचे ३० दात मुळापर्यंत तपासायला भूल आणि एक्स-रे लागतातच. भुलीची भीती वाटते? रास्त आहे. मग आधी रक्ततपासणीबद्दल विचारा, भूल देताना लक्ष कोण ठेवणार तेही विचारा.