श्रद्धेचा पुरावा आणि अमेरिकेतील चिनी चर्च

बीजिंगमधील नोंदणी नसलेल्या झायॉन चर्चचे प्रमुख धर्मगुरू जिन मिंगरी यांना ऑक्टोबर 2025 मध्ये गुआंगशी प्रांतात ताब्यात घेण्यात आले. वेगवेगळ्या शहरांतील त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचीही धरपकड झाली. या कारवाईची चर्चा प्रामुख्याने चीन-अमेरिका संबंधांच्या अंगाने झाली. मात्र अशा धरपकडीनंतर जे देश सोडतात, त्यांच्यासाठी अमेरिकेचे दारही आता पूर्वीसारखे उघडे नाही. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने निर्वासितांना सामावून घेण्याचा कार्यक्रम स्थगित केला आणि चर्च, शाळा, रुग्णालये यांच्या आवारात स्थलांतरितांना शक्यतो अटक न करण्याचे धोरणही रद्द केले.

चिनी ख्रिस्ती स्थलांतरितांना हा पेच नवा नाही. 1853 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये उत्तर अमेरिकेतील पहिली चिनी ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिचे चिनी सभासद अवघे चार होते. संस्थापक विल्यम स्पीअर हे कँटनमध्ये काम करून परतलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी. सोन्याच्या शोधात आलेल्या मजुरांना धर्मोपदेशाआधी औषध, इंग्रजीची शिकवणी आणि कायद्याच्या बाबतीत बाजू मांडणारे कोणी तरी हवे होते. परदेशी खाणकामगारांवरील कराविरुद्ध स्पीअर यांनी आवाज उठवला. चिनी मंडळी तेव्हापासूनच उपासनेच्या जागेइतकीच अर्ज आणि दाद यांचीही जागा ठरली.

1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश बंद झाला. 1892 च्या गीअरी कायद्याने तर देशात आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुरांनाही निवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसेल, तर आपण येथलेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी गोऱ्या साक्षीदाराची साक्ष लागे. काँग्रिगेशनल पंथाचे जी गॅम यांनी त्याच वर्षी चिनी ख्रिस्ती या नात्याने या कायद्याचा लेखी निषेध केला. त्यांच्या भूमिकेतला टोकदारपणा आजही जाणवतो. देवापुढे सर्व समान असे ज्यांनी शिकवले, त्यांच्याच देशात चिनी माणसाचा शब्द साक्ष म्हणून पुरेसा मानला जात नव्हता. पुढे 1900 साली प्रेस्बिटेरियन धर्मगुरू एन्ग पून च्यू यांनी ‘चुंग साई यात पो’ हे चिनी दैनिक सुरू करून हाच लढा वृत्तपत्रात नेला. प्रवेशबंदी उठली ती 1943 मध्ये, तीही वर्षाला जेमतेम 105 जणांपुरती. खरे दार उघडले ते 1965 च्या कायद्याने.

त्यानंतर तैवान आणि हाँगकाँगमधून आलेल्यांनी अमेरिकेत नवी चर्चे उभारली. 1989 मध्ये तियानआनमेन चौकात रणगाडे आले, तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी अमेरिकी विद्यापीठांत होते. 1992 च्या कायद्याने त्यांच्यापैकी अनेकांना कायम वास्तव्याची मुभा मिळाली. निरीश्वरवादी शिक्षणात वाढलेल्या या तरुणांना विमानतळावरून घरी नेणारे, जुने फर्निचर देणारे आणि शुक्रवारी संध्याकाळी बायबल वाचायला बोलावणारे लोक याच चर्चांतले होते. पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही या लाटेचा बडेजाव करण्याचे कारण नाही. प्यू संशोधन केंद्राच्या 2012 च्या पाहणीत अमेरिकेतील चिनी वंशाच्या प्रौढांपैकी 31 टक्के ख्रिस्ती होते, तर 52 टक्क्यांनी आपण कोणत्याच धर्माचे नसल्याचे सांगितले.

शिवाय सरकारी कागदावरचा ‘चिनी’ हा एक शब्द बाकांवर बसलेल्यांना एकत्र बांधत नाही. 15 मे 2022 रोजी कॅलिफोर्नियातील लगुना वूड्स येथे तैवानी प्रेस्बिटेरियन मंडळीच्या भोजनसमारंभात गोळीबार झाला. एकाचा मृत्यू झाला, पाच जण जखमी झाले. हल्लेखोर तैवानमध्येच जन्मलेला होता. चीन-तैवान वादातील द्वेष हे कारण असल्याचे पोलिसांनी सांगितले.

आज सर्वांत अवघड प्रश्न आश्रयाच्या अर्जांचा आहे. धार्मिक छळाच्या आधारे आश्रय मागणाऱ्याने आपण खरोखर ख्रिस्ती असल्याचे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. त्याचा गैरवापर झाला, हे नाकारता येत नाही. डिसेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बनावट अर्ज तयार करणाऱ्या वकिलांवर आणि त्यांच्या साथीदारांवर गुन्हे दाखल झाले. अर्जदारांकडून ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे घोटून घेणारी एक व्यक्तीही त्यांत होती. पण संशयाचा भार पडतो तो खऱ्या अर्जदारावर. चीनमध्ये घरात भरणारी मंडळी सभासदांची यादी सहसा ठेवत नाही, कारण तीच यादी पोलिसांच्या हाती पडू शकते. ज्याला धोका अधिक, त्याच्याकडे कागद कमी. उलट घोटून तयार झालेल्याची उत्तरे बिनचूक असतात.

शेनझेनमधील एका मंडळीने यातून वेगळी वाट काढली. 2019 पासून तिचे सभासद कुटुंबांसह दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गेले. तेथे आश्रय नाकारला गेल्यावर ते थायलंडला पोहोचले, तेथे अटक झाली आणि एप्रिल 2023 मध्ये साठहून अधिक जण एकत्रच टेक्सासमध्ये उतरले. संपूर्ण मंडळीच साक्षीदार असल्याने त्यांच्या श्रद्धेवर शंका घ्यायला फारशी जागा नव्हती. एकेकट्याने येणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी पत्र लिहून देणारे चिनी चर्च उरते, आणि त्या चर्चच्या दारातही अधिकारी येऊ शकतो.