पत्ता पाहावा, पुस्तिका मिटावी

टॅरोच्या जुन्या चित्रमय कॅटांचा संग्रह करणाऱ्यांविषयी साहित्याच्या अभ्यासकांत दोन समज आढळतात. हा भविष्य पाहण्याचा, म्हणून दुर्लक्ष करण्याजोगा प्रकार आहे, हा पहिला. आणि हा फार तर हौशी लोकांचा खर्चिक छंद आहे, हा दुसरा. आम्हांस दोन्ही अपुरे वाटतात. आमच्या मते टॅरोचा प्रत्येक कॅट ही एक स्वतंत्र संहिता आहे, आणि कोणतीही संहिता ज्या जबाबदारीने वाचावी त्याच जबाबदारीने तोही वाचला पाहिजे. खेद एवढाच, की ही जबाबदारी पुष्कळदा खुद्द संग्राहकच टाळतात.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळ म्हणून. चार रंगांचे ५६ पत्ते आणि जोडीला २२ चित्रपत्ते अशी त्याची रचना. त्यांतील 'मूर्ख' वगळता बाकीची चित्रे म्हणजे कायमचे हुकूम. पुढे १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ ह्या फ्रेंच विद्वानाने ह्या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉने उलगडली ती १८२२ मध्ये; म्हणजे लिपी वाचता येऊ लागण्याच्या चाळीस वर्षे आधीच तिच्यातील रहस्य सांगून झाले होते! तरीही प्राचीनत्वाचे ते वलय टिकले, आणि त्याच्याच बळावर 'अमुक पत्त्याचा अर्थ अमुक' असे सांगणाऱ्या पुस्तिका आजही कॅटांसोबत येत असतात.

आमचा आक्षेप ह्या 'अमुक पत्त्या'ला आहे. उदाहरणादाखल मिलानच्या राजघराण्यासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेला व्हिस्कोन्ती-स्फोर्झा संच घ्यावा. त्याचे ७४ पत्ते उरले आहेत. पैकी ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामो येथील अकादेमिया कारारात आणि १३ एका इटालियन घराण्याच्या खाजगी संग्रहात. संग्राहकांजवळ बहुधा त्याची प्रतिरूप आवृत्ती असते. ह्या संचातील वृद्धाच्या हाती वाळूचे घड्याळ आहे. तो काळाचे रूप आहे. नंतरच्या संचांत त्या घड्याळाचा कंदील झाला आणि वृद्धाचा एकांतवासी साधू. एका पायाने उलटा टांगलेला माणूस तत्कालीन इटालियन प्रेक्षकाला देशद्रोही म्हणून ओळखू येई, कारण फितुरांची तशी बदनामीकारक चित्रे तेथे भिंतींवर काढली जात. विसाव्या शतकातील पुस्तिकेत तोच माणूस आत्मसमर्पणाचे प्रतीक ठरतो. पंधराव्या शतकातील चित्र समोर मांडायचे आणि अर्थ मात्र विसाव्या शतकातील पुस्तिकेतून उचलायचा, हा शुद्ध काळविपर्यास होय. काव्याच्या तासाला आपण तो विद्यार्थ्यांना चालू देणार नाही.

हीच गोष्ट रंगांच्या पत्त्यांची. मार्सेय पद्धतीच्या जुन्या फ्रेंच कॅटात चषकांची पंजी म्हणजे वेलबुट्टीत मांडलेले पाच चषक, बस्स. तेथे वाचायचे ते संख्येला आणि मांडणीला. लंडनच्या रायडर प्रकाशनाने १९०९ च्या अखेरीस काढलेल्या कॅटात त्याच पंजीवर काळा झगा घातलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. तीन चषक लवंडले आहेत, दोन तिच्या पाठीमागे तसेच उभे आहेत, पलीकडे नदी आणि पूल आहे. हे कथाचित्र आहे. दु:खात बुडालेल्या माणसाला मागे उरलेले दिसत नाही, हा अर्थ त्या चित्रातून निघतो; मार्सेयच्या पाच चषकांवर तो लादता येत नाही.

आणि हे चित्र काढले कोणी? पामेला कोलमन स्मिथ हिने. तो कॅट मात्र 'रायडर-वेट' ह्या नावाने, म्हणजे प्रकाशक आणि योजक ए. ई. वेट यांच्या नावाने जगभर गेला. मोठे काम अगदी थोड्या पैशांत उरकल्याचे तिने त्याच वर्षी छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्राने कळवले होते. १९५१ साली कॉर्नवॉलमध्ये ती कर्जबाजारी स्थितीत वारली. तिची सही मात्र पत्त्यांच्या कोपऱ्यांत आहे; पाहणाऱ्याला ती दिसते, पुस्तिका वाचणाऱ्याला दिसेलच असे नाही. चित्रकाराला निव्वळ लेखनिक समजणाऱ्या ह्या वृत्तीने तिचे श्रेय हिरावले, असे आम्ही म्हणू.

येथे संग्राहकांचे ऋण मान्य केले पाहिजे. स्मिथची मूळ चित्रे आज उपलब्ध नाहीत. शिळाछपाईसाठी रेषा नव्याने काढल्या गेल्यामुळे जुन्या आवृत्त्यांच्या रेषांत आणि पाठीवरील नक्षीत भेद पडले. हे भेद भिंगाखाली ताडून संग्राहकांनी त्यांचे गट लावले आणि त्यांना पामेलाच्याच नावावरून 'पॅम-ए', 'पॅम-बी', 'पॅम-सी', 'पॅम-डी' अशी नावे दिली. मूळ प्रत हरवलेली असताना पाठभेदांवरून तिच्याकडे जाण्याचा हा प्रयत्न पाठचिकित्सेहून वेगळा कसा म्हणावा? मात्र हे सारे करून कॅट पेटीत बंद ठेवायचा आणि वाचायला दुसराच कोणता तरी घ्यायचा, ही रीत आम्हांस पटत नाही. इतक्या कष्टाने शुद्ध केलेली संहिता वाचायची कोणी?

'पण वाचन म्हणजे भविष्यकथनच ना?' असे विचारले जाईल. पत्त्यांना उद्याचे कळते, असा आमचा मुळीच दावा नाही. इतालो काल्विनोने १९७३ च्या पुस्तकात एका भागाला व्हिस्कोन्ती आणि दुसऱ्याला मार्सेय कॅट घेऊन, केवळ पत्ते शेजारी मांडून कथा रचल्या. ह्याउलट एलियटने १९२२ च्या 'द वेस्ट लँड'मध्ये काही पत्ते टॅरोतले घेतले, काही स्वत:च रचले, आणि आपल्याला ह्या संचाची नेमकी माहिती नसल्याचे टिपांत नोंदवले. कवीला ती मुभा आहे; ती कविता शिकवणाऱ्याला नाही. त्याने निदान मूळ पत्ते पाहिलेले असावेत.

म्हणून अध्यापकांना आमची एक सूचना आहे. एका जुन्या कॅटाची प्रतिरूप आवृत्ती वर्गात न्यावी, तीन पत्ते मांडावेत आणि पुस्तिका स्वत:जवळ ठेवावी. कोण कोणाकडे पाहतो आहे, कोणाच्या हाती काय आहे, कोणाची पाठ वळलेली आहे, हे विद्यार्थ्यांना आधी सांगू द्यावे. मग चित्रकाराचे नाव आणि साल सांगावे. अर्थाची चर्चा त्यानंतर करावी, आणि जो अर्थ सुचेल तो चित्रात कोठे दिसतो हे दाखवण्याची अट प्रत्येकाला घालावी.