आपल्याकडं कुठंय समुद्र?

गेले तीन वीकेंड ब्लॉगकडे फिरकलो नाही. रिलीज होती, नेहमीचंच कारण. पण या शनिवारी लिहायचंच. एक भांडण पंधरा दिवस डोक्यात घोळतंय.

झालं असं, की मी आणि बायको मुंबईत गेटवेजवळून शिडाच्या छोट्या बोटीतून दोन तास फिरून आलो. शिकवणारा सोबत होता, लाइफ जॅकेट होती. दोऱ्या ओढून हाताला फोड आले. शीड या बाजूचं त्या बाजूला जाताना मी डोकं वाकवायला विसरलो, त्याचं टेंगूळ आठवडाभर मिरवलं. असो. आता रीतसर शिकायचं आणि कधीतरी दोघांनीच कोकणच्या किनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, असं ठरवलंय. हे मी उत्साहाच्या भरात काकांना फोनवर सांगितलं. काका धर्माबादला असतात.

"काय करूलालास रे बाबा? आपल्याकडं कुठंय समुद्र? आपलं नाही त्यात कशाला पडावं? अन् सूनबाईला घेऊन?"

फोनवर मी गप्प बसलो. काका आहेत. इथे गप्प बसायचं कारण नाही.

आधी "सूनबाईला घेऊन" बद्दल. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या. छप्पन्न फुटी शिडाची बोट, आणि बोटीवर माणसं दोनच. त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्नही ओलांडलं. तिथे वारा आणि लाटा यांना अडवायला वाटेत जमीनच नाही, आणि मदत मागितली तर ती यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर हे 'धाडसी कन्या' म्हणून फॉरवर्ड झालं, चार अंगठे आले, खाली लगेच आयपीएल सुरू. मला या 'धाडसी'चाच राग येतो. धाडस तर पुलावरून नदीत उडी टाकणाराही करतो. या दोघींनी आधी तीन वर्षं तयारी केली होती. दोघींची बोट म्हणजे एक झोपणार तेव्हा दुसरी जागी, महिनोन्‌महिने. फाटलेलं शीड शिवायचं, बंद पडलेलं दुरुस्त करायचं, हवामान वाचायचं. ज्यांनी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्यांना कळेल. फक्त इथे तिकीट पुढच्या शिफ्टवर ढकलता येत नाही.

आता "आपलं नाही" बद्दल. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे शिडाच्या बोटीने जगाला फेरी मारून आले, भारतातले पहिले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. 'तारिणी'ही तिथलीच. तरी तुम्ही म्हणाल, ते गोवा, तिथे समुद्र आहे. बरं. मग लिन आणि लॅरी पार्डी हे नवरा-बायको घ्या. त्यांनी आपली तीस फुटांची 'तलेसिन' कॅलिफोर्नियात, समुद्रापासून लांब एका रखरखीत दरीत स्वतःच्या हातांनी बांधली. तिला इंजिन नव्हतंच. तीच बोट घेऊन २००२ मध्ये दोघांनी केप हॉर्न ओलांडलं, तेही उलट्या दिशेने, वाऱ्याच्या विरुद्ध.

फार लांब गेलो का? मग हैदराबाद. आमच्या स्टेशनातून थेट गाडी आहे. समुद्र तिथेही नाही. तरी हुसेनसागरात वर्षानुवर्षं शिडाच्या बोटींच्या राष्ट्रीय शर्यती होतात, आणि तिथला क्लब गरीब घरच्या पोरांना बोट चालवायला शिकवतो. आणि आमच्याकडे? पैठणचा नाथसागर, नांदेडचं विष्णुपुरी, उशाशी गोदावरी. एवढ्या पाण्यावर शीड दिसल्याचं मला तरी आठवत नाही.

पाण्याशी आमचं नातं म्हणजे टीएमसी आणि कोर्ट. मिरचीचा बाजार सोडला तर धर्माबादचं नाव देशभर झालं ते कशामुळे? जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बाभळीचा बंधारा बघायला निघाले, त्यांना पकडून आमच्या आयटीआयमध्ये ठेवलं, म्हणून. पुढे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: गेट १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची, शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी. हे आकडे आमच्या गल्लीत पोरासोरांना पाठ असतात. पोहायला किती जणांना येतं ते विचारू नका.

"प्यायला पाणी नाही अन् तुला बोटी सुचूलालेत," हेही ऐकून झालं. शिडाची बोट पाणी पीत नाही हो! डिझेलही पीत नाही.

काकांच्या बोलण्यामागे काय आहे, ते मला माहीत आहे. सातवीत माझ्या वर्गातला एक मुलगा नदीत गेला. त्या दिवसापासून आईने आम्हा भावंडांना घाटाच्या पायऱ्या बंद केल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरात तेच झालं. आईची चूक म्हणवत नाही मला. पण एवढ्या मोठ्या गावात एकालाही वाटलं नाही, की आता पोरांना पोहायला शिकवू या. त्यानंतरही नदी दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी नेतेच. आता त्यात शेततळ्यांची भर. मी पोहायला शिकलो सव्विसाव्या वर्षी, पुण्यात, सहा वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये. ती पोरं मला हसायची. बायको लहानपणापासून पोहते. बोटीत घाबरलो होतो तो मी, ती नव्हे. काकांनी हे विचारलंच नाही.

ऑक्टोबरअखेर गेट खाली येतात आणि बंधाऱ्यामागे पाणी साठायला लागतं. डिसेंबरात दहा दिवसांची रजा टाकलीय. नदीकाठच्या एका भोई मामांशी बोलणं झालंय, ते सोबत येणार आहेत. काकांच्या दोन नातवंडांच्या मापाची लाइफ जॅकेट काल कुरियरने आली. काकांना अजून सांगितलेलं नाही.