बी त्यांची, गर कुणाचा?

वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंत कुठल्याही काजू कारखान्याच्या गोदामात दिवाळीनंतर डोकावून पाहा. तिथे थप्पी लागलेल्या पोत्यांतली बी बहुतेक आपल्या परड्यातली नसते. आपला हंगाम फेब्रुवारीच्या पुढचा. मधले महिने कारखाना चालतो तो आफ्रिकेच्या बीवर. टांझानिया, मोझांबिक, आयव्हरी कोस्ट अशी नावे त्या पोत्यांच्या मागे असतात.

हंगाम आला की प्रत्येक बैठकीत एकच बोल ऐकू येतो, "साहेब, ती बाहेरची बी बंद करा, मग बघा आमचा दर." तक्रार खोटी नाही. २०१८ साली केंद्राने कच्च्या बीवरची आयात-जकात ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणली, तेव्हापासून ती अधिकच वाढली. पण त्या पोत्याच्या पलीकडच्या टोकालाही एक शेतकरीच उभा आहे, आणि त्याचे गाऱ्हाणे आपल्यापेक्षा फारसे वेगळे नाही. ते समजून घेतल्याशिवाय आपला हिशेब पुरा होत नाही.

काजू आपल्याकडे आणि मोझांबिकात दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून नेला. १९७० च्या सुमारास जगात सर्वांत जास्त काजू तिथे पिकत होता आणि तिथेच कारखान्यांत फोडलाही जात होता. १९७५ ला देश स्वतंत्र झाला, लगेच १९७७ पासून यादवी युद्ध लागले ते १९९२ पर्यंत. पंधरा वर्षे कुणी नवे झाड लावले नाही. जुनी झाडे म्हातारी झाली, मोहरावर भुरी बसली, रस्ते तुटले.

युद्ध संपल्यावर कर्ज हवे होते. जागतिक बँकेने १९९५ साली अट घातली की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी करा. युक्तिवाद असा : करामुळे शेतकऱ्याला दर कमी मिळतो आणि अडाणीपणे चालणारे कारखाने फुकट पोसले जातात. हे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारखान्यांत गलथानपणा होताच. पण बी घेणारा मोठा गिऱ्हाईक जवळजवळ एकच होता, तो म्हणजे आपला देश. कर उतरला, बी जहाजात चढली आणि भारतात येऊन फुटू लागली. तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि सुमारे दहा हजार कामगारांपैकी बहुतेक घरी बसले. मग शेतकऱ्याचे तरी भले झाले का? पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा वर्षाला पाच डॉलरच्या आसपास निघाला. मधली मलई व्यापाऱ्यांकडे गेली. शेवटी १९९९ साली तिथल्या संसदेने कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांपर्यंत वाढवला. तोवर बहुतेक कारखान्यांना कुलूप लागले होते.

पूर्वी अशा संस्थांना मदत देणारे म्हणत. आता कागदोपत्री 'विकास भागीदार' हा शब्द आला आहे. आपल्याकडे वाट्याने शेत करतात त्यात बी-बियाणे एकाचे, राबणूक दुसऱ्याची आणि पीक बुडाले तर झळ दोघांना. इथे झळ कुणाला लागली ते वर आलेच आहे.

त्याच मोझांबिकात २००० नंतर दुसरी खटपट झाली, ती मला अधिक शिकण्यासारखी वाटते. टेक्नोसर्व्ह नावाची संस्था अमेरिकन मदतीवर नाम्पुला प्रांतात उतरली. त्यांनी मोठी यंत्रे आणली नाहीत. जुन्या कारखान्यांतल्या मोठ्या यंत्रांत गर फार तुटायचा, आणि तुकड्याला भाव नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी आपल्याकडची रीत उचलली : बी वाफवायची, हाता-पायाने चालणाऱ्या कटरवर फोडायची, गर भट्टीत सुकवून साल काढायची. कारखाने लहान आणि खेड्यात, बीच्या जवळ. गर विकायचा कुणाला हे आधी पाहिले, शेड नंतर बांधली. काही हजार माणसांना, त्यांत पुष्कळ बायांना, गावातच काम मिळाले. पण दुसरी बाजूही सांगतो. ज्या अमेरिकन संस्थेचा पैसा होता ती यूएसएड २०२५ साली अमेरिकेने गुंडाळून टाकली. भागीदार आपल्या देशातल्या निवडणुकीनंतर उठून जाऊ शकतो हे धरूनच चालावे लागते.

आता गंमत पाहा. ज्या जागतिक बँकेने मोझांबिकात बी मोकळी सोडायला लावली, तिनेच २०१८ साली आयव्हरी कोस्टला काजूसाठी २० कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि त्यात बी देशातच फोडण्यावर भर होता. आयव्हरी कोस्ट आज जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक आहे. शेजारच्या बेनिनने तर १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर न्यायलाच बंदी केली आणि ग्लो-जिग्बे येथे औद्योगिक वसाहत उभारली. कारण साधे आहे. चार किलो बी फोडावी तेव्हा जेमतेम किलोभर गर निघतो. म्हणजे जहाजात तीन हिस्से टरफल लादून समुद्रावरून न्यायचे, त्याचे भाडे शेतकऱ्याच्या दरातून कापायचे आणि मजुरी दुसऱ्या देशाला द्यायची.

आपण यात कुठे बसतो? आपणही बी स्वस्तात येऊ देतो आणि गर येऊ देत नाही. २०१९ साली सोललेल्या गरावरची जकात ७० टक्के झाली, शिवाय किलोला किमान आयात किंमत बांधलेली आहे. अतिमागास देशांना काही सवलती आहेत, तरी दिशा तीच. आपल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांसाठी हे राखण आहे, ते मी नाकारत नाही. पण मग आफ्रिकेच्या उद्योगवाढीला भारताचा पाठिंबा आहे असे दिल्लीत बोलताना जरा जपून बोलावे.

माझे मत विचाराल तर आफ्रिकेने बी तिथेच फोडावी. आपल्या कारखानदारांना हे आवडणार नाही आणि काही वर्षे काही भट्ट्या थंड राहतील. पण बेनिनसारखे देश वाढत गेले की कारखान्याला बीसाठी आपल्याच परड्यात यावे लागेल. तेव्हा वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची एकसारखी, दोन-तीन दिवस उन्हात वाळवलेली, ओलावा आठ टक्क्यांवर आणलेली बी ज्याच्याकडे असेल तोच दर बोलेल. २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये अनुदान जाहीर झाले, ते ठीक. पण अनुदानावर दर उभा राहत नाही.

आणि परक्यांना नावे ठेवण्याआधी एक आपलीही गोष्ट. माझ्या भागातल्या एका गावात योजनेतून आलेले काजू फोडण्याचे यंत्र ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये गंजत पडले आहे. आणताना फोटो निघाले, पेढे वाटले, मीही एक खाल्ला. वीज तीन फेजची आहे का हे कुणी पाहिले नाही, मीही नाही. बचत गटातल्या एक काकी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "साहेब, आमका कटर दिलात तरी चलात." १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला सरपंच तयार आहेत. ग्रामसेवकांनी दुरुस्तीचा अंदाज आणि वीज जोडणीचा कागद बरोबर आणावा. गटातल्या बायांनी त्या दिवशी जरूर यावे. हंगाम तोवर उतरलेला असेल, तरी पुढच्या वर्षीची बी गटाने किती ठेवायची आणि किती विकायची, ते त्याच दिवशी ठरवता येईल.