डबल स्टँडचा कागद मराठी-उर्दूत का नाही?

लांबच्या प्रवासाची म्हणून विकली जाणारी मोटारसायकल डबल स्टँडशिवाय शोरूममधून बाहेर पडते, हे मला पटत नाही. साध्या स्प्लेंडरला तो असतो. २०१६ साली आलेल्या हिमालयनलाही होता. केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि डोमिनार ४०० मात्र फक्त साइड स्टँडवर. वजन वाचतं, वळणावर खाली घासत नाही, अशी कारणं सांगतात. ती खोटी नाहीत. पण दर पाचशे-सहाशे किलोमीटरला चेन साफ करून तेल द्यायचं तर मागचं चाक अधांतरी फिरायला हवं. एकट्याने घाटात ट्यूबवालं चाक काढायचं असेल तर साइड स्टँड काय कामाचा? जुम्म्याला मशिदीच्या अंगणात तिरकी गाडी दोघांची जागा खाते, ते वेगळंच.

मग लोक स्टँड वेगळा बसवतात. स्वस्त मार्ग म्हणजे दुसऱ्या गाडीचा स्टँड आणून चेसिसला वेल्डिंग. हे करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिस त्या जागी कमजोर होऊ शकते, वॉरंटीचा प्रश्न निराळा. त्याच मॉडेलसाठी बनवलेला, चेसिसच्या आहे त्या भोकांत बोल्टने बसणारा स्टँडच घ्यावा. वर गेल्यावर तो चेन किंवा सायलेन्सरला टेकता कामा नये. साइड बॅगा लावल्यावरही पाय ठेवायच्या दांडीपर्यंत बूट पोचला पाहिजे.

बसवताना खरी झटापट स्प्रिंगशी. स्प्रिंग वाकवून तिच्या वेटोळ्यांत एकेक वायसर अडकवत गेलं की ती लांबते आणि सहज अडकते; स्टँड खाली केला की वायसर गळून पडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

माझी खरी तक्रार मात्र डब्यातल्या कागदाबद्दल आहे. बोल्ट किती ताकदीने आवळायचा, कुठे ग्रीस, कुठे लॉकटाइट, सगळं इंग्रजीत. आमच्याकडचे बरेच मिस्त्री उर्दू किंवा मराठी शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकून उस्तादाच्या हाताखाली गेलेले. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतील, पण हा कागद बाजूला ठेवून हाताच्या अंदाजाने पाना फिरवतात. बोल्ट सैल पडून चालत्या गाडीचा स्टँड खाली आला तर काय होईल, हे सांगायला नको. माणूस अडाणी म्हणून हे घडत नाही. माल त्याच्या गावात विकायचा आणि सूचना त्याच्या भाषेत द्यायच्या नाहीत, म्हणून घडतं. भाषा शिकवणं हा माझा पेशा, म्हणून हे जास्त टोचत असेल.

एका मिस्त्रीसाठी मी तो कागद मराठी आणि उर्दूत उतरवून दिला. दोन्ही मिळून एक पान भरलं. त्याने त्यात दोन गोष्टी भर घातल्या, ज्या मूळ कागदात नव्हत्या: बसवल्यावर दोघांनी मागे बसून शॉकअप दाबून बघा, काही घासतं का, आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.