आद्य जेट विमानांची कैफियत

संपादक महाशयांस,


संगणकावरील हवाई युद्धाच्या खेळांत आद्य जेट लढाऊ विमाने दाखल करावीत, या शौकिनांच्या मागणीस हरकत घेताना गतांकातील पत्रलेखकांनी ही विमाने अवजड व म्हणून नीरस असल्याचा जो अभिप्राय दिला आहे, तो मान्य करणे कठीण आहे. जर्मन मेसरश्मिट २६२ चा थ्रॉटल उतावीळपणे पुढे रेटला तर इंजिन विझे वा पेट घेई, आणि उतरण्यासाठी वेग कमी करताच ते विमान शत्रूच्या पंख्याच्या विमानांच्या तावडीत सापडे. परंतु वैमानिकाच्या संयमाची ही परीक्षाच खेळातील खरे स्वारस्य होय. शिवाय, प्लायवुड व बाल्सा यांनी पुढील धड घडविलेले ब्रिटिश व्हँपायर डिसेंबर १९४५ मध्ये ‘ओशन’ या विमानवाहू नौकेवर उतरले, १९४८ साली भारतीय हवाई दलाचे पहिले जेट ठरले, आणि १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब आघाडीवर, कालबाह्य झालेले असूनही, पाकिस्तानी सेबर विमानांसमोर उभे राहिले, हा इतिहास पत्रलेखकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. सबब, मेसरश्मिटच्या जोडीस व्हँपायरचाही समावेश व्हावा, ही मागणी सर्वथैव रास्त असून खेळाच्या निर्मात्यांनी ती विनाविलंब मंजूर करावी.

आपला,
एक नियमित वाचक