सहलीचा निबंध कोण लिहू शकतं?



जूनअखेर आपल्या विदर्भात शाळा उघडल्या की पहिला निबंध ठरलेला असतो, ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत मी केलेला प्रवास’. मीही दरवर्षी फळ्यावर हाच विषय लिहीत आलो. या वेळी मात्र या विषयाने मलाच दोन धडे दिले, एक घरात आणि एक वर्गात. दोन्ही तुमच्यासमोर मांडतो.

मे महिन्यात आम्ही स्वतःची गाडी काढून हैदराबादला गेलो. आम्ही दोघं, आई आणि चौथीत जाणारी मुलगी. फुलसावंगीहून उमरखेड, हदगाव, नांदेड, पुढे नरसी, देगलूर, संगारेड्डी. जाणं-येणं आणि शहरातलं फिरणं धरून आठशेच्या आसपास किलोमीटर झाले. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय पाहिलं. बिर्याणी, इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं, सगळं झालं. घरी आल्यावर मुलीला म्हटलं, “लिही बरं आता.” तिने लिहिलं, ‘चारमिनार १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधला. तो खूप सुंदर आहे. आम्हाला खूप मजा आली.’

वर्ष बरोबर, नाव बरोबर. पण एवढं तर घरी बसूनही लिहिता आलं असतं! मग साडेतीनशे किलोमीटर जाऊन काय मिळवलं? दोष तिचा नव्हता. जाताना ती मागच्या सीटवर मोबाइल बघत होती आणि तो मीच तिच्या हातात दिला होता. गाडी चालवताना कटकट नको म्हणून.

आता विचार करा, खिडकीबाहेर काय काय निघून गेलं. उमरखेडच्या पुढे पैनगंगेचा पूल लागतो. आपल्याला ती विदर्भ-मराठवाड्याची हद्द म्हणून माहीत आहे. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान होतं. म्हणजे हदगाव-नांदेडच्या माणसाची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. पुलावर गाडी हळू करून एवढं सांगितलं असतं, तर ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ हा धडा तिला परका वाटला नसता. नांदेडला गोदावरी लागते, तीच त्र्यंबकेश्वरची. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला सगळे एकाच पंगतीत बसतात. नागरिकशास्त्रातली समता तिथे जमिनीवर मांडी घालून शिकता येते. देगलूर सोडलं की पाट्यांवरची लिपी बदलते. हैदराबादचा दुकानदार “नक्को” म्हणतो, तो आपलाच ‘नको’ आहे. गोवळकोंड्याच्या दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू येते. ध्वनीचा यापेक्षा चांगला प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेत आहे?

एक गोष्ट मात्र तिने न विचारता, अगदी बारकाव्यानिशी सांगितली. लाड बाजारात माझ्या आईने तिच्या हातात तीनशे रुपये ठेवले आणि म्हणाली, “तुझ्या बांगड्या तूच घे, भावही तूच कर.” लाख कशी तापवतात, मऊ झाल्यावर कशी वळवतात, खडे एकेक करून कसे बसवतात, दुकानदाराने किती सांगितले, तिने किती मागितले, शेवटी कितीला जमलं आणि किती उरले, सगळं तोंडपाठ! तेव्हा लक्षात आलं. जे आपण दाखवलं ते ती विसरली, जे तिने स्वतः केलं ते राहिलं.

हा झाला घरचा धडा. आता वर्गातला.

निबंध दिल्यावर एका मुलाची वही कोरीच होती. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, “सर, आम्ही कुठीच गेलो नाही.” मी म्हटलं, “मग मागच्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत नव्हतास, तेव्हा कुठे होतास?” म्हणे, “ते तं ऊसतोडीले गेलतो.”

मग हळूहळू बोलू लागला. ट्रकमध्ये भांडी, अंथरूण, माणसं सगळी एकत्र कशी बसली, रात्री कुठे थांबले, पहाटे कोयता घेऊन फडात कधी जायचं, मोळी कशी बांधतात, गाडी काट्यावर कशी तोलतात. माझ्या मुलीपेक्षा तो कितीतरी लांब जाऊन आला होता आणि त्याने पाहिलंही जास्त होतं. पण आपल्या निबंधाच्या विषयात त्याला ‘प्रवास’ म्हणत नाहीत, असं त्याला वाटत होतं. हे त्याला कोणी शिकवलं? आपणच. दरवर्षी हवेल्या, बागा, समुद्र यांचेच निबंध वर्गात वाचून दाखवून.

गैरसमज नको. त्याच्या त्या प्रवासाचं मी कौतुक करत नाही. त्याची पाच-सहा महिन्यांची शाळा त्यात बुडते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, ते गावात सुरू राहील आणि मूल आजी-आजोबांजवळ थांबेल, हे पाहणं आपलं काम आहेच. पण जे त्याने पाहिलं ते ‘काहीच नाही’ असं त्याने समजू नये, हेही आपलंच काम आहे.

म्हणून पालकांना विनंती. गाडी घेऊन कुठेही जा, पण मुलाला सामानासारखं नेऊ नका. नकाशा त्याच्या हातात द्या. किलोमीटरचे दगड त्याला वाचू द्या. लिटरला गाडी किती चालली, पेट्रोलला किती लागले, हा हिशेब त्याच्याकडे द्या. खरेदीसाठी थोडे पैसे द्या आणि चुकू द्या. गाडी नसेल तर एसटीने माहूरला जा. पैनगंगा तिथेही ओलांडावी लागते, गडही आहे आणि रेणुकामातेचं दर्शनही होतं. तेही नाही जमलं तर आठवडी बाजारात अर्धा तास त्याच्या हातात पिशवी आणि पन्नास रुपये द्या.

आणि शिक्षक मित्रांनो, आपण फळ्यावरचा विषय बदलू या. ‘मी केलेला प्रवास’ऐवजी ‘मी गेलो, मी पाहिलं, मी काय काम केलं’ असं लिहू या. मी तसंच लिहिलं. त्या मुलाने दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, त्या हळूहळू सुधारू. पण ते दीड पान मी वर्गात वाचलं तेव्हा ज्या मुलांनी विमानतळ पाहिला होता, तीही गप्प बसून ऐकत होती.